सोलापूरच्या उन्हाळ्यात फॅन नसलेलं कार्ड नको

टीव्हीखालच्या कपाटातल्या कॉम्प्युटरचा आवाज अजिबात नको, म्हणून तुम्ही फॅन नसलेलं जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हणताय. थांबा जरा. त्या कार्डाची ३० वॅट उष्णता कॅबिनेटमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोक्यातल्या, हवेनेच बाहेर न्यायची असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की बंद कपाटातली हवा आधीच तापलेली असते.

खरी अडचण वेगळीच आहे. व्हिडिओ लहान करून साठवायच्या पद्धतींपैकी एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे १०३० सहज पेलतं, पण एव्ही१ नाही. यूट्यूबवर आता एव्ही१ भरपूर आहे. तो सगळा भार मग प्रोसेसरवर येतो आणि त्याचा फॅन घोंघावू लागतो. कार्ड शांत ठेवून काय मिळवलं? आरएक्स ६४०० या दुसऱ्या कार्डातही एव्ही१ ची सोय नाही, तेही सोडा.

आधी तुमचा प्रोसेसर सांगा. इंटेलचा १२व्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि नावात एफ (म्हणजे आत ग्राफिक्स नाही) नसेल, तर एव्ही१ तोच पेलतो; नुसते सिनेमे बघायला कार्ड घेऊच नका, पैसे वाचवा. गेमही खेळायचे असतील तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मेमरीवालं कार्ड बघा. ७० वॅट, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. मात्र ८ जीबीवालं वेगळं, ते जास्त वीज खातं. कमी तापमानात फॅन पूर्ण थांबणारंच मॉडेल निवडा.

आणि कपाटाची मागची फळी काढाच. कॅबिनेटला १२० मिमीचा एक फॅन हळू फिरता ठेवा, पुढे धुळीची जाळी लावा आणि ती उन्हाळ्यात दर पंधरवड्याला झटका.