प्रायोजक, आश्रयदाता की पुरस्कर्ता? कंपनीला लिहायच्या पत्रातील शब्द

प्रश्न : माझी बहीण चित्रकार आहे. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात तिचे प्रदर्शन भरवण्याचे ठरत असून त्यासाठी भोसरी-चाकण भागातील काही कंपन्यांकडे अर्थसाहाय्य मागायचे आहे. पत्राच्या मसुद्यात मी ‘आपल्यासारख्या नामवंत कंपनीचा आश्रय लाभल्यास आम्ही उपकृत होऊ’ असे लिहिले आहे. घरच्यांना हे वाक्य खटकते. ‘प्रायोजक’ मला व्यापारी वाटतो आणि ‘पुरस्कर्ता’विषयी खात्री नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : घरच्यांना खटकले ते रास्तच आहे. आश्रय देणारा कलावंताच्या चरितार्थाचा भार उचलतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारगायक म्हणून ठेवले, तो राजाश्रय. दालनाचे भाडे आणि छपाईचा खर्च देणाऱ्या कंपनीला आश्रयदाता म्हटले, तर कंपनीच्या वाट्याला नसलेली जबाबदारी येते आणि लिहिणारा नकळत आश्रिताच्या जागी जाऊन बसतो. त्यात ‘उपकृत’ची भर पडली की पत्राला मिंधेपणा येतो, आणि तो चांगल्या चित्रकाराच्या पत्रात मुळीच असू नये. संस्थांच्या घटनेत आश्रयदाते, हितचिंतक, आजीव, साधारण असे सभासदांचे वर्ग असतात. तिथे हा शब्द वर्गणीच्या रकमेपुरता उरला आहे, म्हणून तो तिथे बोचत नाही.

‘पुरस्कर्ता’ इथे चालणार नाही. मताचा किंवा चळवळीचा उघड कैवार घेणारा तो पुरस्कर्ता. आगरकर समाजसुधारणेचे पुरस्कर्ते होते.

‘प्रायोजक’ व्यापारी वाटतो, कारण त्यात देवाणघेवाण आहे, आणि तेच त्याचे बलस्थान आहे. कंपनी पैसे देते, आपण तिचे नाव लोकांसमोर आणतो. कोणी कोणाचे ऋणी राहत नाही. लिहिताना मात्र ‘प्रयोजक’ होऊ देऊ नये. ‘हसवणे’, ‘बसवणे’ ही क्रियापदे प्रयोजक असतात.

उपप्रश्न : त्याच कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, पैसे मागायचे असतील तरीही ‘प्रायोजकत्व’ हाच शब्द वापरावा का?

उत्तर : नाही, आणि इथे शब्द चुकला तर अर्जच अडू शकतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचे जतन, तसेच पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास यांचा समावेश आहे. परंतु २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनी, आपल्या मालाच्या वा सेवेच्या जाहिरातीचा लाभ मिळावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चातून स्पष्टपणे वगळले आहे. शिवाय हे काम कंपनीने स्वतः करावे किंवा नियमांत बसणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत करावे लागते, म्हणून एकट्या कलाकाराने आधी एखादा न्यास किंवा कलासंस्था सोबत घ्यावी. अशा अर्जात ‘उपक्रमासाठी अर्थसाहाय्य’ लिहावे आणि फलकावरील नावाचे आश्वासन बाजूला ठेवावे. प्रायोजकत्वाचे पत्र जाहिरात किंवा विपणन विभागाकडे जाते, सीएसआरचा अर्ज वेगळ्या विभागाकडे. दोन्ही मागण्या एका पत्रात घालू नयेत.

आणखी एक पृच्छा : ‘सौजन्य’ आणि ‘लोकाश्रय’ यांचे काय?

उत्तर : ‘सौजन्य’ हा मदत मिळाल्यानंतर फलकावर छापायचा शब्द आहे, मागणीच्या पत्रात तो नको. ‘लोकाश्रय’ हा फार सुंदर शब्द आहे, पण तो तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांचा आणि पदरचे पैसे देऊन चित्र घरी नेणाऱ्या रसिकांचा आहे. तो कंपनीला देऊ नये.

मसुद्यातील वाक्य असे करता येईल : ‘या प्रदर्शनाचे प्रायोजकत्व आपल्या कंपनीने स्वीकारावे, अशी विनंती आहे. निमंत्रणपत्रिका, दालनाबाहेरील फलक आणि चित्रांची सूची यांवर कंपनीचे नाव व बोधचिन्ह छापले जाईल. अपेक्षित खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे.’