मदत हवी आहे: ग्रेव्ही फ्रीजमध्ये आहे, सॉफ्टवेअरमध्ये मायनस दाखवतंय

विश्रामबागकर (रात्री ११:४२)
सांगलीत हॉटेल आहे, व्हेज-नॉनव्हेज दोन्ही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक पण चालू केलाय. लाल ग्रेव्ही समोर फ्रीजमध्ये दिसतेय आणि स्क्रीनवर मायनस. कांदा तर विचारूच नका, स्टोअरमध्ये तीन पोती उभी आणि सॉफ्टवेअर म्हणतंय मायनस ७० किलो. कंपनीचा सपोर्टवाला रोज "तिकीट काढलंय सर" एवढंच म्हणतो. महिनाअखेर आलीय, पार्टनरला हिशेब दाखवायचाय. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

पोवई_नाका (रात्री ११:५५)
कुठलं सॉफ्टवेअर? ग्रेव्ही वेगळा आयटम म्हणून टाकलीय का? ग्रेव्ही शिजली की प्रॉडक्शन एन्ट्री (कच्चा माल वजा, ग्रेव्ही जमा) करता का? एवढ्यावरून काय सांगणार!

विश्रामबागकर (रात्री ११:५८)
सॉफ्टवेअरचं नाव कशाला, सगळी सारखीच. ग्रेव्ही आयटम आहे. एन्ट्री रोज करतो.

वहीवाला (रात्री १२:१०)
आमचं २५ वर्षं वहीवर चाललंय. सकाळी माल काढताना लिहायचं, रात्री उरलेलं लिहायचं, वजाबाकी करायची. बंद करा ते सॉफ्टवेअर.

पोवई_नाका (रात्री १२:१४)
काका, वही रोजचा कांदा किती गेला ते सांगते. पण हंडीत किती गेला आणि मसाल्यात किती, हे नाही सांगत. चोरी कुठं होतेय ते कसं कळणार?

वहीवाला (रात्री १२:१६)
गल्ल्यावर स्वतः बसलं की कळतं.

टॅलीमास्तर (सकाळी ८:०५)
टॅलीत हे सरळ होतं. स्टॉक आयटमला बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे कशाला काय किती लागतं ती यादी, लावायचं आणि मॅन्युफॅक्चरिंग जर्नल टाकायचं. कच्चा माल वजा, तयार माल जमा. शिवाय ५ टक्के जीएसटी लावत असाल तर इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) मिळत नाही, नोव्हेंबर २०१७ पासून तसंच आहे, तेव्हा खरेदीवर भरलेला कर मालाच्या किमतीतच धरा.

विश्रामबागकर (सकाळी ८:३०)
जीएसटी विचारलाच नाहीये हो. कांदा विचारलाय.

कराडची_मेसवाली (सकाळी ९:१२)
दादा, सॉफ्टवेअरमध्ये भरलेली एक पूर्ण रेसिपी इथं टाका ना, बिलाला माल तिच्यावरूनच वजा होतो. ग्रेव्हीची आणि तिच्यावर चालणाऱ्या एका डिशची. आणि एन्ट्रीत आकडा काय टाकता तेही.

विश्रामबागकर (दुपारी ४:२०)
आत्ता मोकळा झालो.
लाल ग्रेव्ही: कांदा १० किलो, टोमॅटो ८, काजू-खोबरं १, तेल दीड, आलं-लसूण पाऊण. मसाला वस्ताद (मुख्य आचारी) सांगत नाही, स्वतःच्या डब्यातून टाकतो.
चिकन हंडी एक प्लेट: चिकन २५०, लाल ग्रेव्ही १५०, कांदा १२०, टोमॅटो ८०, तेल ३०.
एन्ट्रीत १ टाकतो. एक भगोणं.

इस्लामपूरकर (दुपारी ४:३३)
अख्खा मसूर ठेवता का? आमच्याकडं त्याला ग्रेव्ही लागतच नाही.

कराडची_मेसवाली (दुपारी ४:५०)
दोन गोष्टी दिसतायत.
पहिली: तुमचा १ म्हणजे एक भगोणं, पण आयटमचं माप किलोत असणार. एन्ट्रीला ग्रेव्ही जमा होते १ किलो, बिलं वजा करतात किलोंच्या किलो. मायनस जाणारच. भगोणं शिजून उतरल्यावर एकदा काट्यावर ठेवा. भगोण्याचं वजन आधी घेऊन वजा करा, झाऱ्यानं मारलेल्या खुणेवर विश्वास ठेवू नका. २१ किलोच्या आसपास माल टाकता तो आटून किती राहतो?

विश्रामबागकर (संध्याकाळी ५:१५)
वजन केलं. १४ च्या आसपास. वस्ताद चिडला, म्हणाला माझ्यावर विश्वास नाही का.

कराडची_मेसवाली (संध्याकाळी ५:४०)
मग रेसिपीत उत्पादन १४ किलो लिहा आणि ग्रेव्हीचा किलोचा भाव काढताना १४ ने भागा. २१ ने भागलात तर हंडी कागदावर स्वस्त पडते आणि नफा खिशात दिसत नाही.
दुसरी गोष्ट: १४ किलोत १५० ग्रॅमच्या साधारण ९३ प्लेटा. १० किलो कांदा भागिले ९३ म्हणजे १०७ ग्रॅम. तुमच्या हंडीतला १२० ग्रॅम कांदा तोच! ग्रेव्ही आयटम करण्याआधी लिहिलेली जुनी ओळ तशीच राहिलीय. टोमॅटोचंही तेच. भगोणं चढताना एकदा आणि बिल फाटताना परत, असा दोनदा वजा होतोय.

विश्रामबागकर (संध्याकाळी ५:५२)
वरून कांदा घालतो की आम्ही. वस्तादानंच लिहून दिलंय.

पोवई_नाका (संध्याकाळी ५:५५)
एका प्लेटीवर वरून १२० ग्रॅम कांदा? हंडी आहे की भेळ? घालत असाल तेवढाच ठेवा, १५-२० ग्रॅम.

इस्लामपूरकर (संध्याकाळी ६:०१)
कराडचा अख्खा मसूर इस्लामपूरच्या पासंगाला पुरत नाही, एवढं बोलून गप्प बसतो.

कराडची_मेसवाली (संध्याकाळी ६:०३)
हंडी चालू आहे दादा, मसूर नंतर.
आणखी एक, फेकलेली ग्रेव्ही "लाल ग्रेव्ही वेस्टेज" म्हणूनच टाका, कांदा-टोमॅटो वेस्टेज म्हणून नको, तो आधीच वजा झालाय. आणि मोठं भगोणं तसंच गार करत ठेवू नका. ५ ते ६० अंशांच्या मधे जास्त वेळ राहिलं की खराब होतं. पसरट ट्रेमध्ये ओता, वर तारीख चिकटवा.

विश्रामबागकर (रात्री १०:३०)
ते ठीक. पण आधीचं मायनस? सगळ्या जुन्या एन्ट्र्या बदलायच्या का?

टॅलीमास्तर (रात्री १०:४८)
अजिबात नको, मागची बिलं हलली की जुळलेले आकडेही बिघडतील. आधी रेसिप्या दुरुस्त करा. मग १ तारखेला हॉटेल उघडायच्या आत सगळं मोजून स्टॉक ॲडजस्टमेंट टाका, म्हणजे स्क्रीनवरचा आकडा मोजलेल्याएवढा करा. पार्टनरला या महिन्याचा फरक वेगळा दाखवा.

विश्रामबागकर (रात्री ११:०५)
बरं. आणि सकाळी अर्धं भगोणं मिरजेच्या ब्रँचला जातं, ते कुठं दाखवायचं?

पोवई_नाका (रात्री ११:०६)
मिरजेला ब्रँच आहे हे आत्ता सांगताय राव?

विश्रामबागकर (रात्री ११:०९)
विचारलंच नाही कुणी. बिलं तिकडची तिकडं फाटतात.

कराडची_मेसवाली (रात्री ११:२०)
ट्रान्सफर टाका. सांगलीतून ७ किलो वजा, मिरजेत ७ जमा, गाडी निघायच्या आधी, वजन करून. नाहीतर इकडं फ्रीज रिकामा आणि स्क्रीनवर ग्रेव्ही, तिकडं मायनस.