राखेच्या पट्ट्यातली शेती: मातीचा रिपोर्ट सातबाऱ्यावर चढवायचा का?

काळीमाती: नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या आजूबाजूच्या शेतांबद्दल बोलतोय. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा (वीज केंद्राची राख साठवतात तो) बांध फुटला, राखेचा गाळ शेतात नाल्यात सगळीकडं पसरला, चार दिवस पेपरात गाजलं आणि मग सगळे गप. आता त्या मातीत शिसं, आर्सेनिक, पारा किती आहे हे शेतकऱ्याला सांगणार कोण? सॉइल हेल्थ कार्डावर (सरकारी माती तपासणीच्या कागदावर) १२ गोष्टी असतात, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, बोरॉन, सामू (पीएच) वगैरे. शिसं-कॅडमियमचा रकानाच नाही! माझं मत, कारखान्यांभोवतीच्या जमिनीच्या गटांची सक्तीनं तपासणी करा आणि निकाल सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात टाका.

पऱ्हाटीवाला: सातबाऱ्यावर?? भाऊ, तुमची शेती आहे का? एकदा तिथं 'दूषित' लागलं की बँक पीककर्ज देईन का, पोरीच्या लग्नाले एक एकर काढतो म्हटलं तर गिऱ्हाईक येईन का. राख टाकणारा मोकळा अन् शिक्का आमच्या कपाळावर. आताच कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात अडत्या पालकाची जुडी उलटीपालटी करून विचारते, कोणत्या गावची? गाव सांगितलं की भाव पाडते, मग ती कितीही धुवून नेलेली असो. तपासणी करा ना, काहून नाही, पण कागद माझ्या हातात द्या.

फोडणी: आणि तो पालक खाणाऱ्याच्या हातात काय द्यायचं?

लॅबवाला: दोघंही जरा थांबा. राख म्हटली की लगेच विष असं नसतं. आपल्या काळ्या मातीचा सामू आठच्या आसपास, चुनखडी भरपूर, त्यात शिसं-कॅडमियम बऱ्यापैकी अडकून बसतं, मुळांना सहजासहजी मिळत नाही. आर्सेनिकचं उलटं, ते अशा मातीत जास्त मोकळं होतं. म्हणून नुसता मातीचा आकडा बघून काही कळत नाही, पानंही तपासावी लागतात, त्यातही पालेभाजी आधी कारण कॅडमियम ती जास्त ओढते. शिवाय कॅडमियम फॉस्फेट खतातूनही येतं, मग दोष कुणाच्या नावावर टाकणार? आणि नमुना घेतो कोण तेही बघा. गंजक्या फावड्यानं उकरलेली माती पिशवीत भरून आणतात लोक. व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती १५ सेंटिमीटरपर्यंत लाकडी पट्टीनं खरवडायची असते, अशा आठ-दहा जागांची एकत्र करायची. ते न करता आलेला आकडा तलाठी चढवेल हो, पुसणार कोण?

काळीमाती: पुसायची सोय हवीच, त्यावर वाद नाही. पण जपानचं बघा. तोयामात जस्ताच्या खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेलं, बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडायची. १९६८ मध्ये सरकारनं मान्य केलं की हा प्रदूषणाचा रोग आहे, १९७० ला शेतजमिनीच्या प्रदूषणाचा कायदा केला, खराब जमिनी रीतसर जाहीर केल्या. जाहीर केल्या म्हणून तर माती बदलायचं काम निघालं, ८०० हून जास्त हेक्टर, संपायला २०१२ उजाडलं. नोंदच नसती तर कोणत्या शेतातली माती बदलली असती?

पऱ्हाटीवाला: तिथं कंपनी कोर्टात हरली होती ना? १९७२ ले वरच्या कोर्टातही हरली, खर्चात वाटा उचलावा लागला तिले. मंग तेच लिहा ना पहिल्या पोस्टीत! आधी भरपाई अन् माती काढून द्यायची हमी, नोंद मंग. तुमच्या यादीत नोंद पहिली अन् बाकीचं देवावर.

संत्रासाल: एवढा वाद कशाला, तिथं भाजी बंद करा, कापूस घ्या. कापूस कोणी खात नाही.

पऱ्हाटीवाला: अन् सरकीची ढेप कोण खाते? आमच्या गाई, ज्यायचं दूध तुमच्या चहात जाते. दुसरं म्हणजे भाजी हप्त्यातून दोनदा पैसे देते, कापूस देते दिवाळीनंतर. तोवर किराणा तुम्ही भरता का?