ड्राय कॅबिनेट ४५ वर लावावं की ३५ वर?

पागोळी (रत्नागिरी)

परवा एका मित्राकडे गेलो होतो. त्याच्या नव्या ड्राय कॅबिनेटवर (कॅमेरे-लेन्सा ठेवायचं, आतली हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट) आर्द्रतेचा आकडा होता २८ टक्के. म्हटलं, इतकं खाली कशाला? तर म्हणे, "जितकं कोरडं तितकं चांगलं." वाद तिथेच सुरू झाला आणि अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो.

माझं म्हणणं असं की आकडा ४५ वर लावावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. लेन्सवर बुरशी धरायला साधारण ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, तीही सलग काही दिवस, अंधारात आणि कोंडलेल्या हवेत. म्हणजे ४५ वर आपण धोक्यापासून बरेच लांब असतो. त्याखाली उतरून बुरशीच्या बाबतीत जास्तीचं काही मिळत नाही, उलट दुसऱ्या वस्तूंचं नुकसान होतं. माझ्याकडे आजोबांचा घडीचा कॅमेरा आहे, त्याचा भाता चामड्याचा. ते चामडं सुकून एकदा घडीवर तडकलं की भात्यातून उजेड शिरतो आणि कॅमेरा गेला.

बुरशीची भीती मला नाही असं नाही. आषाढात बॅगेसकट कपाटात ठेवलेली ५० एमएमची लेन्स गणपतीत बाहेर काढली, तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू होते. साफ करून घेतली. तंतू गेले, पण कोटिंगवरचे डाग राहिले, कारण बुरशीतून निघणारं आम्ल कोटिंग खातं. त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. म्हणूनच हा आकडा अंदाजाने लावलेला मला चालत नाही.

धुकं (सावंतवाडी)

दादा, साफ असहमत. तुमचं ४५ वीज असेपर्यंत ठीक आहे. आमच्याकडे पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की दीड दिवस वीज नसते.

एक हिशेब सांगतो. ३० अंशांच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं, २४ अंशांना जेमतेम २२ ग्रॅम. आता तुमचं कॅबिनेट दुपारी ३० अंशांवर ४५ टक्के दाखवतंय. रात्री पाऊस कोसळला, वीज गेली, खोली २४ वर उतरली. बाहेरून बाष्पाचा एक कणही आत आला नाही तरी तीच हवा आता ६३ टक्क्यांच्या घरात गेली! ३५ वर लावलं असतं तर ४९ वर थांबली असती. हे दहा टक्के म्हणजे अडीनडीची शिल्लक आहे. ती मी सोडणार नाही.

पागोळी

हिशेब बरोबर आहे, पण तो रिकाम्या पेटीचा. माझ्या ८० लिटरच्या कॅबिनेटमधली हवा ९० टक्क्यांवरून ४५ वर आणायची तर एकूण एक ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागतं. इतकंच! आतल्या खणांचे फोमचे तुकडे, कापडी पट्टे, कागदी खोकी यांच्यात याच्या कितीतरी पट पाणी मुरलेलं असतं. तेच हवेशी देवघेव करतं. फोम ४५ ला सुकलेला असेल तर हवा ६३ कडे निघाली की तो ते बाष्प शोषून घेतो. काच आणि धातूही लगेच गार होत नाहीत. शिवाय ६३ वर एक रात्र काढली म्हणून बुरशी उगवत नाही.

धुकं

एक रात्र नाही उगवणार. पण आमच्याकडे अशा रात्री लागोपाठ येतात, आणि दाराचं रबर सैल असलं की बाहेरचे ९० टक्के हळूहळू आत येतच राहतात. चामड्याच्या भात्याचं म्हणाल, तर असे कॅमेरे कितीजणांकडे आहेत? बाकीच्यांनी त्यासाठी आपल्या लेन्सा का पणाला लावायच्या? काच, धातू आणि आजचं प्लास्टिक यांना ३५ वर काहीही होत नाही.

जुना झूम (परळ)

मला हा सगळा खर्चच पटत नाही. हवाबंद झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाशी पाव किलो सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) टाका, वर कॅमेरा ठेवा. मी कित्येक पावसाळे असेच काढलेत. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर निघाला, उजेड लागला, वारा लागला, की बुरशीला सवडच मिळत नाही. फक्त तांदळात ठेवू नका. तांदूळ म्हणावं तसं पाणी ओढत नाही आणि त्याची पूड लेन्सच्या कड्यांत शिरते.

मोगरा (मडगाव)

काका, एका कॅमेऱ्याला डबा पुरतो, हे मान्य. माझ्याकडे बाबांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह आहेत, कपाटभर. पाच-सहा डबे केले होते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवायचं, निवलं की परत भरायचं. आजी आजारी होती त्या पावसाळ्यात ते माझ्याकडून राहिलं. एका डब्यातल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. फिल्मवरचा जिलेटिनचा थर ओल धरून चिकट होतो, आणि ओढून सोडवायला गेलं की चित्रच निघून येतं. तिसऱ्या पट्टीनंतर मी हातच लावला नाही. त्यानंतर कॅबिनेट घेतलं, कारण ते माझ्या आठवणीवर चालत नाही.

मी ३५ वर ठेवते. फिल्मला ३० ते ४० मानवतं. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास यायला लागला असेल तर ती हळूहळू कुजते आहे, आणि हवा जितकी दमट तितकी लवकर. ती वेगळी ठेवा, तिचं आम्ल शेजारच्या फिल्मलाही लागतं. फार खालीही जाऊ नका. जिलेटिन अति सुकलं की फिल्म वळते आणि ठिसूळ होते.

सोल्डरगन (चाकण)

आमच्या कारखान्यात ५ टक्क्यांची कॅबिनेटं आहेत. पागोळींच्या मित्राने तसलंच काही पाहून २८ धरलं असेल. पण आमचं कारण निराळं. चिपचं प्लास्टिक ओल पितं आणि सोल्डरिंगच्या भट्टीतून जाताना त्या पाण्याची एकदम वाफ होऊन चिप आतून फाटते. आम्ही त्याला पॉपकॉर्न म्हणतो. लेन्स काही कोणी २४० अंशांच्या भट्टीत घालत नाही, त्यामुळे तो आकडा घरी आणू नका.

आणि ३५ की ४५ म्हणून भांडताय, पण तो आकडा खरा आहे का हे कोणी तपासलंय? स्वस्तातला सेन्सर पाच टक्के इकडेतिकडे सहज दाखवतो. साधं मीठ घ्या, बाटलीच्या झाकणात भरा, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. ते झाकण आणि एक सुटा आर्द्रतामापक घट्ट डब्यात बारा तास ठेवा. आत ७५ टक्के होतात, दुसरं काही होऊच शकत नाही. मापक जितका चुकला तितकं लिहून ठेवा आणि मग तो कॅबिनेटमध्ये ठेवा, वरच्या खणात. कॅबिनेटचा स्वतःचा सेन्सर बहुतेक वेळा मागच्या यंत्राजवळ असतो. तिथली हवा सगळ्यात कोरडी.

पागोळी

दोन दिवसांनी लिहितोय. मिठाच्या डब्यात माझ्या मापकाने ७१ दाखवले, म्हणजे ४ ने कमी. मग तो वरच्या खणात ठेवून सकाळी पाहिलं. कॅबिनेटच्या पाटीवर ४५, मापकावर ४९. त्यात ४ मिळवले तर ५३.

म्हणजे मी ज्याला ४५ समजून बसलो होतो ते ५३ होतं. धुक्याच्या हिशेबातली ती वीज गेलेली रात्र या ५३ ला लावली तर आकडा ७० च्या वर जातो. हे मला हलकं वाटलं नाही. बटण ३७ वर आणलंय, म्हणजे वरच्या खणात खरे ४५ राहतील. बॅग, पट्टे, खोकी सगळं बाहेर काढलं, आणि मागच्या भिंतीपासून चार बोटं जागा सोडली. ओली हवा बाहेर टाकायची झडप मागेच आहे आणि मी ती भिंतीला टेकवली होती.

खरे ४५ हे माझं मत मात्र अजूनही तेच आहे. भात्यासाठी.

सोल्डरगन

एक लक्षात ठेवा, ७५ ला ४ चुकणारा मापक ४५ ला नेमका तितकाच चुकेल असं नाही. मॅग्नेशियम क्लोराइड मिळालं तर मिठाऐवजी ते वापरा, त्याच्या डब्यात ३३ टक्के होतात, आणि त्याच पद्धतीने तिथेही तपासा.

धुकं

दादा, मनापासून तपासलंत, बरं वाटलं. दाराचं रबरही बघा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा येते.

माझ्या कॅबिनेटवर ३५ आहे म्हणून मी तीन वर्षं निर्धास्त होतो. आज रात्री मीठ लावून ठेवतो. खरा आकडा कळला की पुढचं बोलू.