पिंप्राळ्यातल्या शेजारच्या दोन गल्ल्या, कुठलं घर घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जळगावात पिंप्राळा भागात एकाच कॉलनीतली, पाठीला पाठ लागून असलेल्या दोन गल्ल्यांमधली दोन घरं पसंत पडलीत. बिगरशेती आदेश आणि उतारे वकिलांनी तपासले, दोन्ही ठीक. दोन्हीकडे नळ एकाच दिवशी येतो, तो प्रश्न नाही. आईवडील थकलेत, त्यामुळे वरचा मजला नको.

पहिलं घर पूर्वेच्या दाराचं, रस्ता रुंद, पण मागे नाला आणि जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालीय, रुपयाचं नाणं आत जातं. काही ठिकाणी वरून पुट्टी भरलीय, तरी तिथेही हाताला लागते. मालक म्हणतात, प्लास्टरची आहे. पण शेजारच्या ओट्यालाही तशीच दिसली, म्हणून जीव धजत नाही.

दुसरी गल्ली चढावर, मुरमाची. भेग कुठेच नाही. पण घर पश्चिमेचं आणि दोन लाखांनी महाग. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. रात्री दहाला हात लावला तर भिंत तापलेलीच होती. बजेट आता वाढणार नाही.

दोन्ही गल्ल्या भर पावसात पाहिल्या, नाल्याचं पाणी घरात शिरलेलं नव्हतं. पहिल्या घराच्या पायाचा नकाशा मात्र मालकाकडे नाही.

विसार पुढच्या आठवड्यात द्यायचाय. काळ्या मातीवरच्या घरात राहणाऱ्यांनी सांगा: भेग प्लास्टरची की पायाची, हे विसाराआधी कसं तपासून घेतलंत, आणि पाया दुरुस्त केल्यावर भेग पुन्हा आली का?