प्लास्टिकची भीती वाटते, मग चुलीच्या धुराची का नाही?

दर्यापूरची_लेक
गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: 'प्लास्टिकनं हार्ट अटॅक येतो, सिद्ध झालं.' मूळ संशोधन मार्च २०२४ मधलं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधलं. इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून ऑपरेशननं काढलेला चरबीचा थर तपासला. २५७ पैकी १५० रुग्णांच्या थरात पॉलिइथिलीनचे, म्हणजे पिशव्यांच्या प्लास्टिकचे, कण निघाले. पुढच्या जवळपास ३४ महिन्यांत, कण असलेल्यांना हार्ट अटॅक, लकवा किंवा मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट दिसला. पण कण असणं वेगळं आणि कणांमुळेच आजार होणं वेगळं. हे त्या संशोधकांनीच लिहिलंय, मेसेजमधून तेवढंच गळलं.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. माझी आई चाळीस वर्षं पऱ्हाट्या-तुराट्यांवर स्वयंपाक करते. फुंकणी फुंकताना तिचं तोंड चुलीपासून हातभर अंतरावर असतं. धुरातले २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोल जातात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात, गुठळी व्हायला वाट करून देतात. हे एका अभ्यासावरचं नाही, कितीतरी वर्षांचं आहे. आईच्या छातीत दुखलं की घरचे म्हणतात पित्त झालं. यावर एक मेसेज फिरत नाही.

वणीचा_कास्तकार
ताई, गॅस आहे आमच्या घरी, उज्ज्वलाचाच. पन सिलिंडर भराले पैसा लागते, पऱ्हाटी वावरातून फुकट येते. आंघोळीचं पानी गॅसवर तापवलं तं सिलिंडर महिनाभर पुरत नाही. अन् धुराचंच बोलाचं असंन तं इकडं कोळशाच्या ट्रकची धूळ दिवसरात उडते. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, त्याची राख कोनाच्या छातीत जाते? गरिबाच्या चुलीवरच काहून बोट?

फार्मसीवाला_नागपूर
धूर वाईटच, पण गॅस आला की सगळं सुधारतं हेही घाईचं. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३२०० गरोदर बायांवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. अर्ध्या जणींना गॅस फुकट दिला. त्यांच्या वाट्याचा धूर खूप कमी झाला, पण बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. 'सिद्ध' हा शब्द प्लास्टिकला जपून वापरायचा तर गॅसलाही जपूनच वापरा.

दर्यापूरची_लेक
तो अभ्यास बाळाच्या वजनाचा होता, चाळीस वर्षं धूर गिळलेल्या बाईच्या हृदयाचा नव्हता. नीट न जळलेल्या काडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हृदयाला ऑक्सिजन कमी पडायला आणखी काय पाहिजे?

दादा, राखेचं तुमचं म्हणणं खरं आहे. बारीक कणांची वार्षिक सरासरी घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी असं जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते, आपल्याकडची मर्यादा अजून ४० आहे. पण वीज केंद्राशी भांडण चालू आहे म्हणून आईला धुरात बसवायचं, हे मला पटत नाही.

आर्वीची_मॅडम
शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तुम्ही दोघं प्लास्टिक आणि चूल वेगळी धरताय. माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरी चूल पन्नीनंच, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीनंच पेटवतात. ज्या पॉलिइथिलीनची भीती पसरवली, तेच. पावसाळ्यात काडी ओली असली की पाइपाचा तुकडाही टाकतात. पाइप पीव्हीसीचा असेल तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही तयार होतात. लग्नातल्या पाण्याच्या प्लास्टिक कॅनपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

फार्मसीवाला_नागपूर
याला माझा विरोध नाही.

वणीचा_कास्तकार
पन्नीचं खरं आहे मॅडम. आमची मायही रोज पहाटे पन्नीच लावते. उद्यापासून वाळला पाला देतो तिले. पन आंघोळीच्या पान्याचं काय करता, थे सांगा.

दर्यापूरची_लेक
आम्ही पाण्याची चूल आंगणात नेली. भाकरीची अजून आतच आहे. आई ऐकत नाही.