मदत हवी आहे: वेदनाशामकांची दिवसाची बेरीज कशी ठेवता?

नमस्कार. मी मुंबईतील एका रुग्णालयात शस्त्रक्रियोत्तर वॉर्डमध्ये परिचारिका आहे. गेल्या आठवड्यात एका रुग्णाला दर 6 तासांनी 1 ग्रॅम पॅरासिटामॉल शिरेतून सुरू असताना, दुसऱ्या पानावर ट्रॅमाडॉल आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल यांची एकत्रित गोळी दिवसातून तीनदा लिहिलेली आढळली. गोळीचे नाव वेगळे असल्यामुळे कोणाच्याच लक्षात आले नाही, पण बेरीज केली तर पॅरासिटामॉल 24 तासांत 4,975 मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढांसाठीच्या 4 ग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या बरेच वर जात होते. शिवाय रुग्णाचे वजन जेमतेम 45 किलो. गोळी थांबवून मी डॉक्टरांना कळवले आणि त्यांनी आदेश बदलला.

ब्रँडच्या नावामागचा घटक ड्युटी बदलताना सर्वांना दिसावा, यासाठी आपल्या वॉर्डमध्ये औषधतक्त्यावर वेगळा रकाना असतो का? असल्यास तो कसा आखला आहे, हे कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न मॉर्फिनविषयी. पुढचा डोस देण्यापूर्वी आम्ही श्वसनाचा दर मोजतो, परंतु गुंगी बहुधा श्वसन मंदावण्याच्या आधी वाढते, आणि नातेवाईक मात्र "आता कुठे शांत झोप लागलीय, उठवू नका, सिस्टर" असे विनवतात. अशा वेळी गुंगीची पातळी नोंदवण्यासाठी आपण कोणती पद्धत वापरता, आणि रुग्णाला हाक मारून जागे का करावे लागते, हे नातेवाईकांना कोणत्या शब्दांत समजावता?